पाण्याकडे पाठ

आमच्या घरात रागावण्याचं खातं माझ्याकडे आहे. आमचे हे, म्हणजे एलिया, भिंगारला लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपात फिटर होते. नोकरीत वरच्यांचं मुकाट ऐकलं आणि घरी आल्यावर माझं. ऐकून घ्यायचं आणि मागच्या पडवीत जाऊन होडी घासत बसायचं. खेळण्यातली होडी म्हटलं की मात्र तोंड पाडायचे. "मॉडेल म्हण," म्हणायचे. प्लायवुडच्या फासळ्या, वर फायबर, पोटात बॅटरी आणि मोटर, मागे पितळी पंखा आणि सुकाणू. काठावर उभं राहायचं आणि हातातल्या रिमोटनं चालवायची. इथून समुद्र कुठे, आणि आमच्या नगरचा पाऊस तो काय! असल्या कोरड्या गावात राहून माणसानं बोटी का कराव्यात, हे मला लग्न झाल्यापासून कळलेलं नव्हतं.

बोट नवी असली की ती आधी न्हाणीघरातल्या हौदात तरंगायची. मी टॉवेल घेऊन दाराबाहेर. आत हे बुडाशी शिशाचे तुकडे ठेवतायत, काढतायत. "जरा पुढं झुकते," म्हणायचे. मला ती सरळच दिसायची. "माझा संसार झुकतोय, तो दिसत नाही का?" असं विचारलं की हसायचे आणि आणखी एक तुकडा ठेवायचे.

ह्यांच्या जोडीला दोनच माणसं. गोरक्षची शेती शेवगाव रस्त्याला. कधीतरी पाण्याच्या मोटरीचं काम घेऊन आला, पडवीतली बोट पाहिली आणि बिघडला. पीव्हीसी पाईप चिरून, तापवून सपाट करून तो स्वतःच बोटी करायला लागला. दुसरे अंगद सर. शाळेत विज्ञान शिकवतात आणि त्यांची प्रत्येक बोट बुडते. रविवारी चर्च सुटलं की गोरक्षच्या शेततळ्यावर ही मंडळी जमायची आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत उभी असायची. घरी येऊन जेवताना तेच पुराण. मी ऐकत नाही असं दाखवायची, पण सगळं माझ्या कानावर पडायचं.

त्यांचे दोन नियम होते. बोटीसाठी तळ्यात उतरायचं नाही. शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि त्यावर शेवाळ. पट्टीचा पोहणारासुद्धा आत घसरला की त्याला वर येता येत नाही. दुसरा नियम, बोट पाण्यात असताना दुसऱ्याच्या रिमोटला हात लावायचा नाही. मग ती बुडू दे नाहीतर फुटू दे.

आणि एक हाक होती. बोट लांब जात असते तोवर सोपं असतं. रिमोटची काडी उजवीकडे, बोट उजवीकडे. पण ती वळून आपल्याकडे तोंड करून यायला लागली की सगळं उलटं होतं. तिचं उजवं ते आपलं डावं. नवा माणूस हमखास इथे फसतो. म्हणून बोटीनं नाक वळवलं की शेजारचा ओरडतो, "येती!" तेवढ्यानं माणूस सावध होतो. तरीही जमत नसेल तर ह्यांनी एक युक्ती काढली होती. पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि खांद्यावरून मागे बघत चालवायचं. मग बोटीचं तोंड आणि आपलं तोंड एकाच बाजूला, उजवं ते उजवंच. अंगद सरांना हे असं उभं करायचे. पण मुरलेल्या माणसाला कुणी "येती" म्हणत नसे. तो त्याचा अपमान.

पावसाळा सरता सरता एका सकाळी हे पाव आणायला गेले आणि आलेच नाहीत. छबूबाई भाजीवालीनं हाताला धरून आणलं तेव्हा पाव गार होऊन चेपले होते. हे हसत आत गेले, तशी ती मला हळूच म्हणाली, "बाई, मालक पार नाक्यापाशी उभे हुते. आमचं घर कुठं हाय म्हनून मलाच इचारलं."

डॉक्टरांनी बरंच काही तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हा विसरायचा आजार आहे, थोपवता येईल तेवढा थोपवू, पण तो वाढत जाणार. मी डॉक्टरांवर रागावले. मग रिक्षावाल्यावर. घरी येऊन देवाबापाला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

एडविनचा, आमच्या मुलाचा, पुण्याहून फोन आला. "आई, आता तळं बंद. पप्पांना पाण्याजवळ नेऊ नकोस. एकदा पाय घसरला तर?" त्याचं चुकत नव्हतं. मलाही रात्रंदिवस तेच दिसत होतं. पण रविवारी मी पाहिलं तर हे डोक्यावर टोपी घालून, मांडीवर बोट घेऊन ओट्यावर बसलेले. नातीचं नाव त्यांना आदल्या दिवशी आठवलं नव्हतं. पण हाताचं बोट मात्र पंख्याच्या दांड्याला हवं तेवढंच ग्रीस नेमकं लावत होतं. ते काढून घेतलं तर ह्या माणसापाशी काय राहणार होतं? आणि राहू दिलं तर माणूसच राहील का? मी चपला घातल्या. म्हटलं, "मीसुद्धा येते." ह्यांनी इतक्या आश्चर्यानं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

बोट निळी होती आणि कडेला पांढऱ्या रंगात नाव, योना. ते नाव ठेवलं तेव्हाच मी म्हटलं होतं, "माशाच्या पोटात गेलेल्याचं नाव कुणी बोटीला देतं का?" हे म्हणाले होते, "परत आला ना तो."

तळं भरलेलं होतं. काठावर हिवाळ्याचं ऊन आणि मोटरींचा आवाज. कोपऱ्यात खुंटाला गाठींचा दोर आणि टायरची ट्यूब बांधलेली. गोरक्षनं चहा आणला. मी त्याला विचारलं, "काय मिळतं रे तुम्हाला यात? एवढी हयात घालवलीत!"

तो जरा लाजला. "वहिनी, ती पार तिकडच्या कडंला गेली की जीव नुसता टांगनीला लागतो. वाटतं, गेली आता. मंग हितनं काडी फिरवायची, आन ती गपगुमान माघारी येती. आवं, लांब गेलेलं दुसरं काय आपल्या हातानं माघारी आलंय का आजवर?" बोलून झाल्यावर त्याचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि तो घाईनं माझा कप पुन्हा भरायला लागला.

ह्यांनी योना पाण्यात सोडली. सरळ, सुंदर गेली. मला बोटीतलं काही कळत नाही, पण पाण्यावर जी रेघ उमटली ती मला आवडली. हे पाय रोवून उभे होते, मान ताठ. वर्कशॉपात असताना दिसायचे तसे दिसत होते. मला वाटलं, डॉक्टर काहीतरी भलतंच बोलले.

तिकडच्या काठाजवळ योना वळली. तिचं नाक आमच्याकडे झालं. ह्यांनी काडी फिरवली आणि ती दुसरीकडेच निघाली. मग त्यांनी आणखी जोरात फिरवली, आणि ती आणखी तिकडेच गेली. अंगद सर खाली बघायला लागले. गोरक्षचे ओठ हलले, मिटले. शेवटी त्यानं डोळे मिटून हाक दिली, "एलियाभाऊ, येती!"

ह्यांनी गोरक्षकडे पाहिलं. रागानं नाही. पकडला गेलेला माणूस पाहतो तसं. तेवढ्यात योना पलीकडच्या कोपऱ्यात, तळ्यात उतरणाऱ्या पाईपाखाली जाऊन अडकली. वरनं पाण्याची धार तिच्यावर पडायला लागली.

रिमोट तसाच गळ्यात. हे झपाझप काठानं गेले आणि कागदावर पाय टाकला.

मी किती जोरात ओरडले ते मला माहीत नाही. पाय सरकला, हे मांडीवर आपटले आणि खाली जायला लागले. गोरक्षनं काठावर पालथं पडून त्यांचा कमरेचा पट्टा धरला, अंगद सरांनी गोरक्षचे पाय. मी दोर सोडवत होते आणि गाठ सुटत नव्हती. ह्यांची एक चप्पल पाण्यात गेली. वर ओढून घेतलं तेव्हा ह्यांच्या कोपरातून रक्त येत होतं आणि हे बोटीकडेच पाहत होते. "भरतीये ती," म्हणाले. "बुडेल."

"बुडू दे! तिच्यासकट सगळं बुडू दे!" मी ओरडले.

गोरक्षनं आपली पाईपाची बोट सोडली. हळूहळू नेऊन योनाला ढोसलं. दोनदा चुकलं, मग ती धारेखालून सुटली आणि मोकळ्या पाण्यात येऊन डुलत राहिली.

हे बांधावर बसले होते. मी पदरानं कोपर पुसत होते. ते हळूच म्हणाले, "फिलो, जाताना नीट जाते. येताना चुकतं माझं."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

म्हणजे पावांच्या आधीपासून. माझ्याही आधी ह्यांना कळलं होतं, इथे, ह्या पाण्यावर. गोरक्षलाही कळलं असणार. इतके रविवार तो ती हाक घशात दाबून उभा होता.

"मला सांगितलं का नाही?"

"तू रागावशील."

मी रागावलेच. दोघांसमोर, रडत रडत, तोंडाला येईल ते बोलले. ह्यांनी नेहमीसारखं सगळं ऐकून घेतलं. मग गळ्यातून रिमोट काढला आणि माझ्यापुढे धरला. "धर."

अंगद सरांनी तोंड फिरवलं. गोरक्ष उठून उगाच दोराशी खुडबुड करायला लागला. बोट पाण्यात होती, आणि ह्या माणसानं आजवर आपला रिमोट कुणाच्या हातात दिला नव्हता. मला ओरडावंसं वाटलं की नको, तुमचा तुमच्याकडेच ठेवा. पण मी तो घेतला. गरम होता, घामट होता.

"मला येत नाही हो."

"हळू. काडी थोडीच."

योनाचं नाक आमच्याकडे होतं. मी उजवीकडे फिरवली, ती डावीकडे गेली. घाबरून आणखी फिरवली. तशी वर्कशॉपातली पोरं ज्याला घाबरायची तोच आवाज माझ्या कानाशी आला.

"उलटी उभी राहा. पाण्याकडे पाठ कर!"

खांद्याला धरून ह्यांनी मला वळवलं. हात अजिबात कापत नव्हता. "आता मागं बघ. हां. आता तुझं उजवं ते तिचं उजवं. आण."

स्वतःसाठी ही युक्ती त्यांना आठवली नव्हती. माझ्यासाठी आठवली. मी मान वळवून योनाला आणत होते, मान दुखत होती, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. ती वेडीवाकडी आली, पण आली. काठाला टेकली तेव्हा हे खुशीत म्हणाले, "लागली!"

एडविनला मी रात्री फोनवर सांगितलं, तळं चालू राहणार. दोर ह्यांच्या कमरेला असेल आणि रिमोट माझ्याकडे. तो खूप बोलला. रागावायचं खातं माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही, असं म्हणून मी फोन ठेवला. मला खात्री कसलीच नव्हती. अजून नाही.

त्यानंतर ह्यांना एकटं सोडायचं नाही, असं ठरवलं होतं. पण परवा सकाळी मी चुलीशी असताना हे कडीचा आवाजही न करता पिशवी घेऊन बाहेर पडले. कळल्यावर मी तशीच फाटकाकडे धावले. तर गल्लीच्या तोंडाशी, लिंबाखाली, हे उभे. हातात पावांची पिशवी. इकडे बघतायत, तिकडे बघतायत. आमचं फाटक समोर होतं, मी समोर होते, आणि त्यांना दिसत नव्हते. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी आमच्याकडे पाठ केली. खांद्यावरून मागे पाहिलं आणि एकेक पाऊल उलटं टाकत घराकडे यायला लागले.

त्यात काही अर्थ नव्हता. तिथे पाणी नव्हतं, बोट नव्हती. समोरच्या ओट्यावर शेजारची आरती झाडत होती, तिला हसू फुटलं. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती केरसुणी घेऊन आत गेली. धावत जाऊन हाताला धरून आणावं, असं मला फार वाटलं. पण ह्यांच्या चेहऱ्यावर तळ्याकाठचा तो चेहरा होता. मी फाटक उघडलं आणि फाटकाची फळी धरून उभी राहिले. हे गटाराकडे सरकायला लागले तेव्हा मला राहवलं नाही. माझा आवाज चिरकला, पण सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"येती!"

पाऊल थांबलं. सरळ झालं. पुन्हा मागे यायला लागलं. ह्यांची पाठ माझ्या हाताला टेकली तेव्हा त्यांनी न वळताच विचारलं, "लागली?"

"लागली," मी म्हटलं, आणि पिशवी घेतली. पाव गरम होते.