आंघोळीच्या पाण्यावरची कोप

येळवस उद्यावर आली तरी गौरम्मानं आंबिलाचं मडकं काढलं नाही, तेव्हाच सिंधुला कळलं, सासू आवंदा रानात येत नाही.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, रानात ज्वारीच्या ताटांची खोपटी, कोप, करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, घरादारानं तिथंच जेवायचं. पण सिंधुच्या नवऱ्यानं, शिवप्पानं, तिन्ही एकरांत मोगली एरंड लावला होता. जळकोटात सभा घेऊन गेलेला कंपनीचा माणूस म्हणाला होता, पाणी कमी लागतं, ढोरं तोंड लावत नाहीत, बियांचं तेल परदेशातल्या गाड्यांना जातं. उदगीर जिल्हा झाला की तेलाचा कारखानाही इथंच. दुष्काळाचं दुसरं वरीस होतं. शिवप्पाला पटलं.

"ढोर खाईना, माणूस खाईना," गौरम्मा म्हणाली. "असल्या रानात पांडवाला काय जेवू घालू? गाडीचं तेल?"

"अव्वा, जिल्हा झाला की ह्या तेलावरच्या पहिल्या गाडीत तुलाच बसवतो," शिवप्पा आईला म्हणाला.

"बसव. तवर जिती ऱ्हायले तर."

घरामागंच रान होतं. दसऱ्यापासून सिंधु तीन वर्षांच्या लेकीला, मल्लूला, रोज बांधावरच्या दगडावर उभी करून न्हाऊ घालायची. टँकरचं पाणी, दोन तांब्यांत सगळं उरकायचं. ते पाणी जिथं मुरे तिथं तिनं मूठभर ज्वारी टोकली होती. एरंडाआड ती ज्वारी कुणाच्या नजरेला पडली नव्हती. मल्लूला तेवढं ठाऊक होतं, न्हाऊन झालं की ती ताटांना विचारायची, "पोट भरलं का?"

येळवशीच्या सकाळी डाळी-भाज्यांची भज्जी आणि आंबील सिंधुनंच केली. मडकं डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, "आत्याबाई, मल्लूला तेवढं बांधापर्यंत घेता का? माझे हात गुंतलेत."

नातीला नाही म्हणणं गौरम्माला कधी जमलं नव्हतं. कुरकुरत निघाली, आणि एरंडाच्या कडेला येऊन थांबली. कमरेएवढी ज्वारी, कणसं नुकतीच निसवलेली. सिंधुनं कोपीसाठी विळा काढला.

"कापू नको." गौरम्मानं मल्लूला खाली ठेवलं. "दाणा भरायचाय अजून."

उभ्या ताटांचेच शेंडे तिनं हळूच जवळ ओढले आणि शिवप्पाच्या खांद्यावरच्या पंच्यानं बांधले.

"पाणी कुठलं घातलं गं हिला?"

"मल्लूच्या आंघोळीचं. साबण न्हाई लावला, आत्याबाई. एकदाबी."

"म्हणून पोरगी अशी कळकट दिसायली व्हय." गौरम्मा म्हणाली. पदरानं तिनं मल्लूचं नाक पुसलं.

शिवप्पा येळवशीच्या रीतीनं आंबील शिंपडत रानाला फेरा घालू लागला आणि एरंडापाशी घुटमळला.

"त्यालाबी शिंपड," गौरम्मा म्हणाली. "तू लावलास, त्याचा काय गुन्हा? पुढल्या वर्साला मात्र एक एकर मला पायजे. खायच्या ज्वारीला."

"दिला, अव्वा."

कोप एवढीशी झाली होती. पाच दगड मांडले, तोवर मल्लू रांगत आत शिरली आणि त्यांच्या ओळीत मांडी घालून बसली. सिंधु तिला ओढायला वाकली.

"बसू दे," गौरम्मा म्हणाली, आणि भज्जीचा पहिला घास तिनं मल्लूला भरवला.