ब्रेक मारला की भज्यांचा वास

शेषेरावाची पिकअप ब्रेक दाबला की डावीकडं ओढायची, आणि वर भज्यांचा वास यायचा.

ओढणं एक वेळ समजून घेता येतं. लोखंड आहे, कधीतरी कुरबुर करणारच. पण भजी? तीही शनिवारी, ऐन उपवासाच्या दिवशी? पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या मनालाच बोल लावला. सुदर्शन महाराज कीर्तनात म्हणाले होते, "जीभ बांधली तरी नाक मोकळंच राहतं, बाबांनो." शेषेराव त्यांच्या मागं टाळ घेऊन उभा राहणारा माणूस. त्याला ते वाक्य आपल्यालाच उद्देशून होतं असं वाटलं आणि त्यानं साबुदाणाही सोडून दिला. वास काही गेला नाही.

मंगळवारी त्यानं गाडी औशाला चांदपाशाच्या गॅरेजवर नेली. दोघांची ओळख बापापासूनची. पाशाच्या वडिलांनी शेषेरावाच्या वडिलांच्या बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवलेल्या. पाशानं गाडी दूरवर नेऊन आणली, दोन-चारदा करकचून ब्रेक मारला.

"शेषेराव, गाडी तर सरळ चालून राहिली."

"शनिवारी ओढती."

"गाडीला वार कळतो व्हय?"

"आन् भज्याचा वास येतो."

पाशानं त्याच्याकडं नीट बघितलं. "उपास जरा कमी करा," तो म्हणाला.

तरी दोस्ताच्या शब्दाखातर त्यानं पुढचं डावं चाक खोललं. गाडी डावीकडं जाते म्हणजे डावा ब्रेक धरून बसत असणार, हा हिशोब. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना सुकलेल्या निघाल्या. त्या साफ करून त्यानं ग्रीस लावलं, आणि दोघांनी खुशीत चहा घेतला.

शनिवारी टोमॅटोचे कॅरेट घेऊन शेषेराव बाजाराला निघाला. वळणावर पेरूचा हातगाडा आडवा आला. ब्रेक दाबला तशी गाडी डावीकडं झेपावली आणि गटाराच्या काठाला जाऊन थांबली. पेरूवाला ओरडत होता. शेषेरावाला मात्र खमंग भजी तळल्याचा वास येत होता. आजूबाजूला एकही कढई नव्हती.

यावेळी पाशानं उजवं चाक खोललं. ब्रेकचे पॅड काळे, ओलसर, मेणचट.

"सापडला चोर!" तो म्हणाला. "मीच उलटं पकडलो होतो. समजा, जोडीतला डावा बैल थांबला आन् उजवा चालतच राहिला. गाडी कुठं वळंल?"

"थांबल्याल्याकडं. डावीकडं."

"मंग! डावा ब्रेक गुणाचा हाय, उजवाच निसटून राहिला. आतलं ब्रेक ऑइल गळतंय."

त्यानं सील बदलली, पॅड नवे घातले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. पुन्हा चाक खोललं तर नवे पॅडही ओले! आणि बॉनेट उघडून बघावं तर ब्रेक ऑइलची बाटली खुणेपर्यंत भरलेली.

पाशा डोकं धरून टायरवर बसला. "गळतंय म्हणावं तर कमी होत न्हाई. न्हाई म्हणावं तर चाक ओलं हाय. शेषेराव, तुमच्यात ते कधी न संपणारं भांडं असतंय ना?"

"द्रौपदीची थाळी."

"तीच बसवलीय का कुणी आत?"

हसण्यासारखं होतं, पण शेषेरावाला हसू येईना. लोह्याकडच्या एका गावात सप्ताह चालू होता आणि रविवारी काल्याचं कीर्तन होतं. सुदर्शन महाराज, मृदंग, पेटी आणि सगळे टाळकरी त्याच्या गाडीतून जायचे होते. पूर्वी हीच सेवा त्याचे वडील बैलगाडीनं करायचे. वडील गेल्यावर ती खंडित झाली होती; पिकअप आली तेव्हा कुठं पुन्हा घरात आली. आणि आता वाटेतल्या माळावरच्या उतारावर गाडी डावीकडं झेपावली तर? माणसं असणार होती मागं, टोमॅटो नव्हे.

"दुसरी गाडी बघा म्हणून महाराजांना फोन करतो," तो म्हणाला.

"थांबा." पाशा उठला. "माझ्याकडं येती तवा ही शहाण्यावाणी वागती. घरी कशी वागती ते बघू. शनिवारी सकाळीच येतो."

आणि शनिवारी तो पाने-जॅक, नवे पॅड घेऊन शेतातल्या घरी हजर झाला. गाडी नेहमीप्रमाणं डावी बाजू गोठ्याच्या भिंतीला लावून उभी होती. पाशानं खाली गवतात काही सांडलंय का पाहिलं. काहीच नव्हतं. मग चाकाच्या डिशीतल्या भोकाला नाक लावलं.

"शेषेराव, हे ब्रेक ऑइल न्हाई. हे करडीचं हाय. खायचं!"

"चाकात करडीचं तेल कुठून येईल?"

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "सरका रे जरा."

शेषेरावाची आई, साखराबाई. मारुतीच्या देवळातून आलेली, कपाळाला शेंदूर, हातात तेलाची वाटी. ती सावकाश वाकली, चाकाच्या भोकाशी वाटी नेली.

"माय! काय करायलीस?"

"काय म्हंजे? वंगण. तुझ्या बापाची गाडी कीर्तनाला निघायची, तवा आदल्या दिवशी आखाला तेल कोण घालायचं? मीच. ह्या चाकाची बी कुरकुर ऐकली मी. मारुतीला वाहून उरल्यालं घालते दर शनिवारी. तिकडच्या चाकाला भिंतीमुळं हात पुरत न्हाई, न्हाईतर त्याला बी घातलं असतं."

पाशानं कपाळाला हात लावला. मग त्याला असं हसू फुटलं की जॅक हातातून पडला. शेषेराव हसला नाही. आईचा चेहरा उतरत चालला होता.

"म्हंजे... मीच माझ्या लेकराला..."

"न्हाई माय," पाशा एकदम गंभीर झाला. "तेल चुकलं न्हाई, जागा चुकली. चाक थांबाया घासावं लागतं; तिथं तेल नगं. या इकडं." त्यानं तिला हाताला धरून मागं नेलं आणि हौद्याचा फाळका खाली सोडला. बिजागऱ्या कर्र करून ओरडल्या. "इथं वाहा. ही केव्हाची मागून राहिली."

साखराबाईनं थेंब थेंब तेल सोडलं. तोवर दोघांनी डिस्क पेट्रोलनं घासून पुसली, दोन्हीकडं नवे पॅड बसवले. गावच्या रस्त्यावर ब्रेक मारून बघितला. गाडी सरळ थांबली, हात जोडून उभी राहिल्यासारखी.

परत आले तर साखराबाई वाटी पुसत बसलेली.

"पाशा, येक सांग. ब्रेक इतका बिघडला हुता, तर इतक्या दिसांत ह्याला काही झालं कसं न्हाई? राखलं कुणी?"

पाशानं तिच्या कपाळावरच्या शेंदराकडं बघितलं आणि पाने गोळा करायला घेतले.

रविवारी फाळका बिनआवाज लागला. लोह्याच्या अलीकडच्या उतारावर मेंढरं आडवी आली. शेषेरावानं ब्रेक दाबला. गाडी रेषेत उभी राहिली, मागं टाळ साधे किणकिणलेही नाहीत. त्यानं हळूच नाक फेंदारलं. मेंढरांचाच वास. आभार पाशाचे मानावेत की मारुतीचे, हे मेंढरं संपेपर्यंत त्याला उलगडलं नाही. मग त्यानं दोघांचंही नाव घेतलं आणि पहिला गिअर टाकला.