रविवारी फोन बंद

माणसात एकही खोट सापडत नाही म्हणजे ती नक्कीच मोठी असणार, असं तिचं ठाम मत झालं होतं. ते उगाच झालं नव्हतं.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. वय चाळिशीला टेकलेलं, भाड्याच्या दोन खोल्या, आणि घरी गेल्यावर बोलायला भिंती. मागे एकदा मोबाइलवर ओळख होऊन एकजण भेटला होता. बरेच महिने सगळं छान चाललं. मग एके दिवशी तोच दुकानात आला, बायकोच्या डोळ्यांचा नंबर काढायला. तिने त्याच्याकडे न बघता त्या बाईचे डोळे तपासले, चष्म्याची फ्रेम निवडून दिली आणि आत जाऊन तोंड धुतलं.

त्यामुळे फ्रिज दुरुस्त करणारा हा दुसरा भेटला, तेव्हा ती ताकही फुंकून पीत होती. घटस्फोट झालाय, हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं. वेळेवर यायचा. तिचं बोलणं मध्येच तोडायचा नाही. तिच्या मोरीतला गळका नळ त्याने न सांगता नीट केला. फक्त रविवारी दुपारी त्याचा फोन बंद असायचा.

"रविवारी काय असतं?" तिने विचारलं.

"काम."

"कसलं?"

"असतं एक."

त्या 'असतं एक'ने तिची झोप उडवली. तिने मावशीला फोन लावला. मावशीने दोन नवरे पुरले होते, त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा.

"बाई गं," मावशी म्हणाली, "रविवारी माणूस दोनच ठिकाणी जातो. देवाला नाहीतर बायकोला. हा देवभोळा आहे का?"

"अजिबात नाही."

"मग झालं तर!"

पुढच्या शनिवारी त्याने स्कूटरची डिकी उघडली, तेव्हा आत बायकी चपला दिसल्या. नव्या, मऊ, जांभळ्या. तिने पाहिलं हे त्यानेही पाहिलं. त्याने डिकी लावून टाकली. तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

रविवारी ती टॅक्सी करून त्याच्या मागावर निघाली. टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं, "नवरा का?" ती म्हणाली, "अजून नाही." त्याने मग आणखी काही विचारलं नाही, पण अंतर मात्र झकास राखलं.

एका जुन्या इमारतीपाशी स्कूटर थांबली. हातात चपलांची पिशवी घेऊन तो वर गेला. ती जिन्यात उभी राहिली. वर दार उघडल्याचा आवाज आला आणि बाईमाणसाचा आवाज, "आज उशीर केलास!" दार लागलं. थोड्या वेळाने आतून हसणं ऐकू आलं. दोघांचं. तो इतका मोकळा हसतो हे तिला माहीतच नव्हतं. ती तरातरा वर गेली आणि बेल दाबली.

दार ऐंशीच्या घरातल्या एका म्हातारीने उघडलं. एका हातात पत्ते, पायात जांभळ्या चपला.

"ये," म्हातारी म्हणाली. "तू दुसरी."

"दुसरी म्हणजे?"

"याच्या मागावर आलेली. पहिली खालूनच रडत परत गेली. तू बेल तरी वाजवलीस. आत ये."

आत तो सतरंजीवर पत्ते घेऊन बसला होता. तिला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"या माझ्या सासूबाई," तो म्हणाला. "म्हणजे होत्या."

"होत्या काय? मेले का मी?" म्हातारी कडाडली. "आणि तुमचं मोडलं, माझं तुझ्याशी कुठे मोडलंय?"

म्हातारीच्या मुलीने घटस्फोट घेतला आणि ती दूरदेशी गेली. आईचा आणि तिचा छत्तीसचा आकडा. एकदा म्हातारीचा फ्रिज बंद पडला म्हणून हा आला, एक डाव खेळून गेला आणि मग दर रविवारी येऊ लागला. खेळताना फोन वाजलेला म्हातारीला चालत नसे.

तो तिला सोडायला जिन्यापर्यंत आला.

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. पुन्हा विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस?"

त्याने विचार केला. "नाही. पहिलीला सांगून बघितलं. ती म्हणाली, सासूच्या आडून बायकोची वाट बघतोस."

"बघतोस?"

"नाही," तो म्हणाला. जरा जास्तच पटकन, असं तिला वाटलं.

"मग कशाला येतोस?"

"आठवडाभर लोक माझ्याशी फ्रिजबद्दल बोलतात. सासूबाई माझ्याबद्दल बोलतात. शिव्या देऊन का होईना. पण तू मागे आलीस, हे मला जड जातंय."

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. मावशी म्हणाली, "सुटलीस." ती रोज जेवताना फोन ताटाशेजारी उलटा ठेवायची आणि तीनतीनदा सरळ करून बघायची.

एका सकाळी म्हातारी काठी टेकत दुकानात आली. "पत्ते धूसर दिसतात. तो त्याचा फायदा घेतो."

तपासून झाल्यावर म्हातारी खुर्चीतून उठेना. "माझ्या मुलीने तिकडे लग्न केलंय. त्याला मीच सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, पत्ते वाटा."

"एवढ्यावर विश्वास ठेवायचा?"

"नको ठेवूस. पण घरी बसून संशय घेशील तर एकटीच घेशील. त्यापेक्षा त्याच्यासमोर बसून घे."

संध्याकाळी तिने फोन केला. "रविवारी मी येऊ?"

त्याने विचारलं, "पुन्हा मागावर?"

"बहुतेक. सवय आहे."

"मग टॅक्सी कशाला करतेस?" तो म्हणाला. आवाजात राग होता, पण निम्मा उतरलेला. "माझ्याच मागे बस."

रविवारी ती बसली. पहिल्या वळणापर्यंत तिने सीटची कड घट्ट धरली होती. मग त्याचा शर्ट धरला.