माशांच्या दुकानातलं काळं घमेलं

मी एक जुनं, काळं घमेलं आहे. हसू आलं ना? येऊ द्या. मोडक्या खुर्च्या, फुटक्या बादल्या आणि कुणाकुणाच्या चपला वितळवून मला ओतलं, तेव्हाच माझं कूळ ठरलं. माझी भावंडं बांधकामावर गेली आणि सिमेंट वाहता वाहता झिजली. मी तेवढा शोभेच्या माशांच्या दुकानात आलो.

मित्रांनो, दुकानाचे मालक म्हणजे बाबा. दादा आणि ताई ही त्यांची मुलं त्यांना बाबा म्हणत, म्हणून गिऱ्हाइकंही बाबाच म्हणत. समुद्रातले मासे म्हणजे बाबांचा जीव की प्राण, त्यातही एंजलफिश. मासा मलूल दिसला की बाबा मला घासूनपुसून पुढे घेत, गोडं पाणी भरत, ते टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट आहे ना हे मनगटावर बघत, आणि माशाला अलगद माझ्यात उतरवत. खाऱ्या पाण्यातल्या माशाला गोडं पाणी थोडा वेळ सोसतं. त्याच्या अंगाला चिकटलेल्या चपट्या किड्यांना मात्र सोसत नाही. हे किडे काचेसारखे आरपार दिसणारे. माशाची कातडी कुरतडत बसतात आणि नाकासमोर धरून पाहिलं तरी दिसत नाहीत. गोड्या पाण्यात मात्र ते पांढरे पडतात आणि तिळासारखे खाली गळतात. माझ्या काळ्या तळावर ते असे उठून दिसत, की बाबांना चष्माही लागत नसे. घमेल्याचा एवढा मान तुम्ही कुठे पाहिलाय का? मी अगदी फुशारून जात असे.

बाबांनी मुलांना आणखी एक गोष्ट शिकवली होती. या एंजलफिशचं पिल्लू निळं-काळं असतं, अंगावर पांढरी वर्तुळं असतात. मोठं होताना ती पुसट होतात, मधूनच पिवळं उमटतं आणि काही काळ मासा नुसता कळकट दिसतो. त्या कळकटपणाला रोग समजून दादाने एकदा धडधाकट मासा औषध घालून मारला होता. तेव्हा बाबा हळहळून म्हणाले होते, "अरे, वयात येत होता तो." हा शब्द घरात असा काही रुजला, की पुढे कुठल्याही एंजलफिशचा रंग उडाला की दोघं भावंडं म्हणत, वयात येतोय.

पुढे बाबांची नजर गेली. ते मागच्या खोलीत खाटेवर बसू लागले आणि दुकान दादा पाहू लागला. दादा वाईट नाही, पण त्याला सगळं चकचकीत लागतं. "हे घमेलं बघून लोक विचारतात, आत बांधकाम चाललंय का," असं म्हणून त्याने पांढराशुभ्र टब आणला. माझी रवानगी मागच्या दाराशी, ओल्या फडक्यांखाली झाली.

त्याच सुमारास ताईने एक बोटभर एंजलफिश वाढवायला घेतला. त्याचा तोरा बघून ती त्याला 'सरकार' म्हणे. रोज सकाळी बाबा विचारत, "सरकार काय म्हणतात?" मग ताई त्याचा रंग न् रंग वर्णन करून सांगे. बाबांना आता तेवढा एकच मासा दिसत होता, तोही ताईच्या तोंडून.

एके दिवशी ताईला सरकारांच्या डोळ्यामागे फिकट डाग दिसला. ते दगडाला अंग घासत होते. एक डोळा धुरकट झाला होता.

"दादा, हे काही बरं दिसत नाही मला."

"वयात येतोय गं. एवढीच शंका असेल तर गोड्या पाण्यात घालून बघ."

तिने घातलं, पांढऱ्या टबात. मी दाराशी पडून सगळं बघत होतो. तिने वाकून वाकून तळ पाहिला. पांढऱ्यावर पांढरं कुठून दिसणार? तिने पाणी मोरीत ओतलं आणि बाबांना सांगितलं, "किडे नाहीत, बाबा. वयात येतायत सरकार." बाबांचा चेहरा असा खुलला, की पिवळं कुठे उमटलं हे ते पुन्हा पुन्हा विचारू लागले. कुठेच उमटलं नव्हतं. ताई म्हणाली, "शेपटीजवळ."

वाईट याचं वाटतं, की सरकारांना बरं वाटलं. बरेच किडे गळले होते ना! मासा पुन्हा खाऊ लागला आणि भावंडांची खात्रीच पटली. पण किड्यांची अंडी टाकीतच होती. ती फुटली. डाग पसरले, खवले उचकटले, कुशीवर लाल जखम उघडी पडली. आता दादाही वयात येतोय म्हणेना. औषधांच्या बाटल्या निघाल्या, पण औषध नेमकं कशावर द्यायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकार तळाशी आडवे पडून धापा टाकत राहिले आणि एका दुपारी गेले.

टब खराब होऊ नये म्हणून दादाने मेलेला मासा माझ्यात टाकला. ताईला राहवलं नाही. त्याचं अंग धुवायला तिने माझ्यात नळाचं पाणी सोडलं. थोड्या वेळाने माझा तळ पांढऱ्या किड्यांनी भरून गेला.

"दादा, इकडे ये," एवढंच ती म्हणाली. दादाने वाकून पाहिलं.

ताई मला उचलून आत घेऊन गेली. "किडेच होते, बाबा," म्हणत तिने त्यांचा हात पाण्यात ठेवला. त्यांची बोटं माशावरून फिरली आणि जखमेवर थांबली.

"पाणी कशात घेतलं होतंस?"

"पांढऱ्या टबात."

"आणि ते पिवळं?"

"नव्हतं, बाबा."

बाबांनी हात पाण्याबाहेर काढला. मग म्हणाले, "टाकीत अजून कोण कोण आहे? काढ सगळ्यांना."

एकेक मासा माझ्यात उतरला. सगळ्यांच्या अंगावर किडे निघाले. काही मासे जगले, बाकीच्यांना उशीर झाला होता.

मित्रांनो, मला चांगल्या जागी ठेवा, असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो, की कुणाचा रंग उडाला, कुणी खाईनासं झालं, तर त्याला झटकन एखादं नाव देऊन मोकळे होऊ नका. आणि तपासून काही सापडलं नाही, तर आपण कशात पाहिलं, तेही एकदा बघा. ताई हल्ली बाबांना दिसतं तसंच सांगते. पण बाबा आता माशांचा रंग विचारत नाहीत.