अर्धा ठोका उशीर

धाकट्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि काचेपलीकडे पाहिलं. रेकॉर्डिस्टने मान हलवली. पुन्हा अगदी वेळेवर.

"अरे, जरा चूक की," हेडफोनमधून लांब्याचा आवाज आला. "एरवी न सांगता चुकतोस."

लांब्या गिटार वाजवायचा. ताई गायची, धाकटा ड्रम्सवर बसायचा, आणि ती त्याला घरात जी हाक मारायची तीच बँडमध्येही रूढ झाली होती. पहिला अल्बम त्यांनी एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या खोलीत उरकला होता. त्यातल्या एका गाण्यात, मधल्या शांततेनंतर, ताईचा शब्द आधी आला आणि ड्रम अर्धा ठोका मागून आला. खोली रिकामी करून द्यायची होती म्हणून ते तसंच राहिलं, आणि लोकांनी नेमकं तेच डोक्यावर घेतलं. जाणकारांना त्या उशिरात बंडखोरी काय दिसली, एकाकीपण काय दिसलं. धाकट्याला ते वाचून हसू यायचं.

आता दुसरा अल्बम. दुसऱ्या अल्बमात भल्याभल्यांची गाळण उडते, असं रेकॉर्ड कंपनीचा माणूस सांगून गेला होता. दाराशी जाऊन पुन्हा वळला होता. "शेवटच्या गाण्यात तो उशीर तेवढा पाहिजे बरं का. नाहीतर अल्बमचं काही खरं नाही." त्याला काय, तो बोलून मोकळा झाला. ठरवून कुणाला शिंकता येतं का?

"मी कॉम्प्युटरवर ठोका मागे सरकवून देतो," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळेल," ताई म्हणाली. ती काचेपलीकडच्या सोफ्यावर बसून पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलत होती. सकाळपासून एवढंच बोलली असेल.

उशीर का झाला होता, ते धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच. तो कधी मोजून वाजवत नसे. लहानपणी ताई खाटेवर बसून गायची आणि हा पत्र्याच्या डब्यावर ठोके धरायचा, तेव्हापासून तिने श्वास घेतला की याचा हात उठायचा. एवढीच त्याची विद्या. छापखान्यात त्या दिवशी तिचा श्वास मध्येच अडकला, दोन तुकड्यांत आला. याचा हात उरलेल्या श्वासाची वाट बघत हवेत राहिला आणि तोवर तिचा शब्द सुटला. काय झालं म्हणून विचारलं, तर "घरी गेल्यावर बोलू," म्हणाली. घरी गेल्यावर तिने सांगितलं, की ती बँड सोडतेय, दुसऱ्या गावी नोकरी मिळाली आहे. पुढे गाणं गाजलं, नोकरी राहिली, आणि तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. धाकट्याच्या मनातून मात्र तो कधी गेला नव्हता. ताई नसेल तर आपण कशावर वाजवायचं, हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

या स्टुडिओत सगळं सुटंसुटं. ड्रम आधी, गाणं नंतर, आणि कानात यंत्राची टिकटिक. टिकटिकीला कधी गहिवरून येतं का?

"ताई, तू आत ये ना," तो म्हणाला. "समोर उभी राहून गा. मला ही टिकटिक नको."

"ड्रमच्या माइकमध्ये तिचा आवाज शिरेल," रेकॉर्डिस्ट कुरकुरला.

"शिरू दे," लांब्या म्हणाला. "सकाळपासून असे काय दिवे लावलेत आपण?"

ती आत आली. काचेकडे पाठ करून, त्याच्या अगदी समोर उभी राहिली. त्याच्याकडे बघून किंचित हसली. काचेपलीकडून लांब्याची गिटार सुरू झाली, मग ती, मग तो. शांततेची जागा आली तशी त्याने काठ्या उचलल्या.

ताईने श्वास घेतला. तो मध्येच अडकला.

तिचा शब्द निघून गेला, आणि मागून, अर्धा ठोका उशिरा, ड्रम आला.

गाणं संपलं तेव्हा काचेपलीकडे लांब्या रेकॉर्डिस्टची पाठ थोपटत होता. "मिळालं रे," त्याचा आवाज कानात आला. "आत्ता कसं."

धाकटा ताईकडे बघत होता. ती हेडफोन काढून त्याची वायर हाताभोवती गुंडाळत होती, सावकाश, नीट.

"ताई?"

"घरी गेल्यावर बोलू," ती म्हणाली.



"असू दे हाताशी म्हणून अजून एकदा घ्यायचं का?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

अजून एकदा घेतलं तर कदाचित ठोका वेळेवर येईल, असं धाकट्याला क्षणभर वाटलं. काठ्या अजून हातातच होत्या. ताई वायर गुंडाळायची थांबली होती आणि त्याच्याकडे बघत होती.

"नको," तो म्हणाला. "हेच ठेवा."