माझ्या घड्याळातला मार्च

मित्रांनो, नाशिकच्या इंदिरानगरात सुमनबाईंचं फॉर्म भरून देण्याचं छोटंसं दुकान आहे. तिथल्या टेबलावर पिवळट पडलेला एक कॉम्प्युटर दिसतो ना, तो मी. माझे भाग कुठल्या कारखान्यात जुळले ते मला आठवत नाही. आठवतं ते इथलं पहिलं हळदीकुंकू. सुमनबाईंनी माझ्या कपाळाला, म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला, बोट टेकवलं आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, कुणाचं काम अडवू नकोस हो."

बारा वर्षं मी तो शब्द जपला. दाखले काढले, निकाल दाखवले. पास झालेल्या पोरांनी माझ्यापुढे पेढे ठेवले, जणू मार्क मीच दिले होते.

सुमनबाईंची व्रतं कडक. तिथी कधी चुकायची नाही. फावल्या वेळात त्या जन्मपत्रिकाही काढून देत. पत्रिकेचं सॉफ्टवेअर फुकट होतं, पण महिनाभरच चालणारं. कुणीतरी त्यांना सांगितलं, कॉम्प्युटरची तारीख मागे न्या, महिना पुन्हा सुरू होतो. त्यांना ते खरंच सोपं वाटलं. त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्या दर महिन्याला मला मागे नेत. बाहेर जून लागला, तरी माझ्या पोटात मार्चच चालू होता.

तेव्हापासून मला भीती वाटायची. काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण काय ते कळत नाही, अशी ती भीती.

एके दिवशी दुपारी नवसाबाई आपल्या मुलीला, अंजलीला घेऊन आल्या. सुरगाण्याहून जीपने निघालेल्या. अंजली दहावी पास झाली होती. नाशिकच्या वसतिगृहात जागा मिळाली तरच अकरावी, नाहीतर आईबरोबर मजुरीला. फॉर्मची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. यंदा नवा नियम होता, पालकाचा अंगठा ऑनलाइन घ्यायचा. अंगठ्याचं यंत्र आसपास सुमनबाईंकडेच होतं. पण ते चालायला ब्राउझरला एक छोटं प्लगइन, म्हणजे पूरक प्रोग्राम, जोडावं लागे.

सुमनबाईंनी प्लगइन उतरवलं. मी त्याचा दाखला पाहिला. त्यावर जूनची तारीख! माझ्या लेखी ते अजून जन्मालाच आलं नव्हतं. जे जन्मलंच नाही त्याला आत कसं घेऊ? मी लिहिलं, 'इन्स्टॉल झाले नाही.'

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

साडेतीनला त्यांनी योगेशला बोलावलं. कोपऱ्यावरच्या दुकानात तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने ब्राउझर पुसून नवा टाकला, अँटिव्हायरस बंद केला, मला तीनदा बंद-चालू केलं. दर वेळी मी थरथरत उठायचो आणि तेच वाक्य लिहायचो.

"काकू, हा डबा झालाय," योगेश म्हणाला. "फॉरमॅट मारतो, नाहीतर भंगारवाल्याला द्या. तो किलोवर घेईल."

"फॉरमॅटला वेळ किती?"

"दोन तास तर धरा."

सव्वाचार झाले होते. नवसाबाई उंबऱ्यावरून उठल्या. "ताई, खरं सांगा, व्हतंय का नाय? पोरीला मी कोणत्या तोंडानं घरी नेऊ?"

"आये, गप ना गं," अंजली पुटपुटली. पण तिची बोटं ओढणीला पीळ घालत होती.

योगेशने वातावरण हलकं करायला म्हटलं, "काकू, गरम वडे आणू? डोकं चालेल."

"आज एकादशी आहे रे."

"हा तुमचा डबा तर पौर्णिमा म्हणतोय! बघा, पत्रिकेच्या खिडकीत."

सुमनबाईंनी पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. मग अगदी हळू म्हणाल्या, "योगेश, तारीख मीच मागे नेते. दर महिन्याला. याच्यामुळे असेल का?"

योगेशने कपाळावर हात मारला. "काकू! आधी सांगायचं ना! पण तारीख खरी केली की पत्रिकेचं सॉफ्टवेअर कायमचं बंद पडेल, मग मागे नेऊनही उघडणार नाही. आतल्या पत्रिका दिसणार नाहीत."

"दोनशेच्या वर आहेत," त्या म्हणाल्या. पदर सावरला. "राहू दे. कर खरी."

माझ्या घड्याळात मार्च संपला. पत्रिकेची खिडकी मिटली. प्लगइन आलं, आणि मी दार उघडलं.

नवसाबाईंचा अंगठा शेतात राबून गुळगुळीत झालेला. एकदा उमटला नाही, दोनदा उमटला नाही. माझा पंखा जोरात फिरत होता. आता मीच तापून बंद पडलो तर? तिसऱ्यांदा सुमनबाईंनी तो अंगठा ओल्या फडक्याने पुसला, आपल्या हाताने धरून ठेवला. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी पावती निघाली. अंजलीने ती दोनदा वाचली आणि मगच ओढणी सोडली.

मित्रांनो, भंगाराचं भय मला आजही आहे. धूळ पुसा, उन्हाळ्यात थोडी विश्रांती द्या, एवढं मी मागेनच. पण त्याआधी एक मागणं आहे. आम्हा यंत्रांना खोटं शिकवू नका. आम्हाला शंका घेता येत नाही. तुम्ही सांगाल तेच खरं धरून आम्ही दार लावून बसतो, आणि बाहेर कुणाची तरी लेक ताटकळत उभी राहते.