देवघरात टांगलेला भोपळा

मी भोपळा बोलतोय. भाजीचा नव्हे, कडू. माझी भाजी कुणी करत नाही, म्हणून तर एवढी वर्षं टिकलो. अकोटच्या बाहेर खुशालराव माळ्यांच्या मळ्यात, गोठ्याच्या कुडावर माझा वेल चढला होता. वऱ्हाडावर तेव्हा साहेबाचं राज्य होतं आणि हुकूम नागपुराहून यायचे. आमच्या मळ्यात मात्र हुकूम चालायचा तो पार्बताबाईचा. ती खुशालरावांची बायको. तिने मला वेलावरच वाळू दिलं, मग खुडून घरात छपराला टांगलं. आतला गर सुकून गेला, चार बिया तेवढ्या उरल्या. हलवलं की खुळखुळतात. माझं मन म्हणाल तर तेवढंच.

माझं काम साधं होतं. पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला मला दोरीने बांधायचं आणि विहिरीत सोडायचं. मळ्यातली विहीर पायऱ्यांची होती. पाण्याखालीही पायऱ्या होत्या, आणि छातीएवढ्या पाण्यात एक रुंद दगडी ओटा कडेकडेने फिरत गेला होता. खुशालरावांनी गावातली निम्मी पोरं तिथे पोहायला शिकवली. बांधण्याआधी ते मला पाण्यात दाबून धरायचे. बुडबुडा आला नाही की भोपळा धड आहे असं समजायचे. पोरं एकदा शिकली की पुन्हा माझ्याकडे फिरकत नसत. मलाही त्याचं काही वाटत नसे.

खुशालराव साठीच्या पुढे गेले आणि एका सकाळी फुलांची टोपली उचलताना त्यांच्या छातीत कळ आली. अकोटहून डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली आणि सांगितलं, महिनाभर पडून राहा, मग हळूहळू हिंडाफिरायला लागा. घरच्यांनी यातलं पहिलं अर्धं घट्ट धरलं. दुसरं अर्धं डॉक्टरांच्या छकड्यात बसून परत गेलं असावं. महिना सरला, पावसाळाही सरला, खुशालराव बाजेवरच. मुलगा उत्तम त्यांना हाताने पाण्याचा तांब्याही उचलू देईना. प्रेमच होतं ते, दुसरं काय? पाय सुजले, गुडघे आखडले, अंगणापर्यंत गेलं तरी धाप लागू लागली. हळूहळू बोलणंही आटलं. कसं वाटतं असं कुणी विचारलं, तर म्हणायचे, काही वाटत नाही.

मी छपराला टांगलेला आणि ते खाली बाजेवर. दिवसचे दिवस आम्ही एकमेकांकडे बघत असू.

दिवाळीला त्यांची बहीण माणिकबाई तेल्हाऱ्याहून आली. फटकळ बाई. भावाची दशा पाहून ती रडली नाही, चिडली. तिचं म्हणणं असं की गुडघे दुखतात म्हणून दादा चालत नाही, आणि चालत नाही म्हणून त्याच्या छातीत जोर येत नाही. पाण्यात अंग हलकं होतं, गुडघ्यांवर भार पडत नाही, तिथे तो चालेल. पार्बताबाईने कपाळाला हात लावला. आजारी माणसाला विहिरीत उतरवायचं म्हणजे काय, गाव तोंडात शेण घालेल.

"वयनी, पडून पडून माणूस बरा होत नाई," माणिकबाई म्हणाली. "तुले भेव वाटत असंन त काठावर बसून पाह्य."

पार्बताबाई खरंच काठावर बसली. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं. दुपारच्या उन्हात माणिकबाईने मला भावाच्या पाठीला बांधलं, दोरीचं दुसरं टोक उत्तमच्या हातात दिलं आणि त्यांना एकेक पायरी खाली नेलं. छातीएवढ्या पाण्यात आल्यावर खुशालरावांचा चेहरा बदलला. पायांवरचं ओझं कुणी काढून घ्यावं तसे ते उभे राहिले. मग ओट्यावरून चालले. पाणी पुढून ढकलत होतं, ते पाण्याला ढकलत होते. बोलता येतं तोवर चाल, दम लागून बोलणं तुटलं की थांब, एवढा एकच नियम माणिकबाईने घातला होता. पहिल्या दिवशी फार बोलणं झालं नाही.

पण ती परत गेल्यावरही खुशालराव रोज उतरत राहिले. पायांची सूज ओसरली. ओट्याचा फेरा पुरा होऊ लागला, मग फेऱ्यांवर फेरे. संक्रांतीला ते स्वतः छकड्यात बसून झेंडू विकायला अकोटच्या बाजारात गेले, आणि येताना पार्बताबाईसाठी बांगड्या घेऊन आले. ती म्हातारपणी हे काय म्हणून रागावली आणि लगेच हात पुढे केला. त्या दिवशी मला आनंद झाला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला फारसं काही वाटलं नाही.

गावात बोलणं सुरू झालं की माळ्याच्या विहिरीत गुण आहे. भोपळ्यातही आहे. लोक लोट्यातून पाणी नेऊ लागले. पार्बताबाईने मला हळदीकुंकू वाहिलं. आणि एक दिवस खुशालरावांचा पाय शेवाळावरून घसरला. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. ते हसत वर आले. पण काठावर बसलेल्या पार्बताबाईच्या काळजाचं पाणी झालं होतं. आता पायऱ्या उतरायच्या नाहीत, असं तिने सांगून टाकलं. गुण पाण्याचा आहे ना, मग पाणीच घरी आणू. उत्तम रोज घागरी भरून आणू लागला. खुशालरावांना पाटावर बसवून त्याच पाण्याने न्हाऊ घालायचे. मला देवघरात खुंटीला टांगलं. सकाळी तिथून काढायचं, त्यांच्या छातीला लावायचं, परत टांगायचं.

असं नसतं हे त्यांनी तिला एकदा समजावून पाहिलं. ती रडायला लागली. बायकोला घाबरलेली पाहणं त्यांना कधीच जमलं नाही.

"तुयं समाधान होते ना," ते म्हणाले, "मंग राहू दे."

पाय पुन्हा सुजले. पाण्याचा गुण कमी पडतोय म्हणून घागरी वाढवल्या. पुढच्या फाल्गुनात एका सकाळी पाटावर बसल्या बसल्या त्यांची मान खाली गेली. अंगावर विहिरीचंच पाणी होतं. मी त्यांच्या छातीवर होतो. आतली धडधड थांबलेली मला पार्बताबाईच्या आधी कळली. तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. बहुतेक काहीच वाटलं नाही.

माणिकबाई मातीला पोचली नाही, तिसऱ्या दिवशी आली. पाट, घागरी, खुंटीवरचा मी, सगळं तिने पाहिलं. या वेळी ती चिडलीही नाही.

"गुण पाण्यात नव्हता, वयनी," ती म्हणाली. "चालण्यात होता."

 त्यानंतर पार्बताबाई कित्येक वर्षं विहिरीकडे गेली नाही. चालायची, जेवायची, फुलांच्या माळा ओवायची, पण कुणी हाक मारली तर दुसऱ्यांदा मारावी लागे. मला खाली काढायचं कुणालाच सुचलं नाही. छातीत दुखणारे लोक गावोगावहून यायचे, मला छातीला लावायचे, नारळ ठेवून जायचे. माझ्याखाली दिवा जळायचा. त्याच्या धगीने मला बुडाशी तडा गेला. वरून हळदीकुंकवाचा थर, त्यामुळे तो कुणाला दिसला नाही.

मग पार्बताबाईलाच धाप लागू लागली. देवघराच्या दोन पायऱ्या चढताना ती चौकट धरून उभी राहायची. आज दुपारी तिची सून जयवंता मला खुंटीवरून काढून तिच्या छातीला लावायला आली. पार्बताबाईने तिचा हात धरला.

"त्यायले म्या पाटावर बसवून ठेवलं," ती म्हणाली. "आता मले नको बसवू."

तिने मला बगलेत धरलं आणि जयवंताला घेऊन विहिरीवर आली. लुगड्याचा काचा घट्ट मारला. पाठीला बांधण्याआधी नवरा करायचा तसं मला पाण्यात दाबून धरलं. बुडबुडे आले. हळदीचा थर सुटून पाणी पिवळं झालं आणि तडा उघडा पडला. जयवंता घाबरली, देवाचा भोपळा फुटला म्हणाली, घरी चला म्हणून विनवू लागली. पार्बताबाईने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग मला पायरीवर ठेवून दिलं. दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक सुनेच्या हातात दिलं.

बाबांनो, मला परत टांगू नका. मी कुणाचं काळीज चालवत नाही, माझ्या अंगात शिरणारं पाणी मलाच अडवता येत नाही. चुलीत घाला हवं तर, कडू धूर होईल तेवढाच. पण छातीत दुखतं म्हणून कुणी आला, तर त्याला माझ्यासमोर बसवू नका. हाताला धरून खाली ओट्यापर्यंत न्या, त्याच्याबरोबर चाला.

पार्बताबाई अजून पाण्यात आहे. ओट्यावरून हळूहळू चालते, थांबते, पुन्हा चालते. वर माझ्याकडे तिने एकदाही पाहिलेलं नाही.